गेम समीक्षक फॅमिली गेमना न्याय देतात का?

तुम्ही विचारलंय की घरात सात वर्षांची मुलगी आहे, सत्तरीचे आईवडील आहेत, निन्टेन्डोचा स्विच हा गेम कन्सोल घेऊन झालाय, आणि सगळ्यांना मिळून खेळायला '१-२-स्विच' आणायचा विचार आहे. पण समीक्षकांच्या गुणांची सरासरी दाखवणाऱ्या मेटाक्रिटिक या वेबसाइटवर त्याला १०० पैकी ५८ गुण दिसतात. समीक्षकांचं ऐकावं, की ते अशा गेमवर अन्याय करतात?

अन्याय करतात. ५८ हा आकडा वाचला आणि मला राहवलं नाही, कारण नेमक्या याच आकड्यावरून आमच्या घरात जुनं भांडण आहे.

२००० नंतरच्या त्या दशकात नागपूरच्या सक्करदऱ्याला माझं गेम पार्लर होतं. चार टीव्ही, पीएस२ (प्लेस्टेशन २), ताशी वीस रुपये. मावसभाऊ भागीदार. कोणता गेम आणायचा हे तो ठरवायचा, आणि ठरवायचा फक्त स्कोअर बघून. ८५ च्या खाली काही आणायचं नाही. फुटबॉल, कुस्ती, गाड्या, मारामारी. शाळा सुटली की पोट्टे यायचे, धंदा चालायचा. पण बाया-माणसं, लहान लेकरं कोणी पार्लरची पायरी चढत नव्हतं. शिव्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा, कोण आपल्या मुलीला पाठवेल?

म्हणून मी हट्टानं दुबईच्या नातेवाइकाकडून निन्टेन्डोचा वी (Wii) मागवला, हातातला रिमोट हलवून खेळायचा कन्सोल. त्यासोबत टेनिस-बोलिंगचं 'वी स्पोर्ट्स' आलं. दुसरा रिमोट हवा होता, तो 'वी प्ले'च्या खोक्यात मिळत होता. नुसत्या रिमोटपेक्षा थोडेच पैसे जास्त. खोकं आलं तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, रिमोट काढून घे, डिस्क राहू दे डब्यात. ५८ आहे बे त्याले."

त्याच उन्हाळ्यात महालातलं एक गिऱ्हाईक आलं. घरी बहिणीचं लग्न, काटोल-उमरेडकडचे पाहुणे दोन दिवस आधीच येऊन बसलेले. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना पंचेचाळीस डिग्रीतलं लग्नघर काय असतं ते सांगायला नको. दुपारी बारा ते पाच बाहेर पाऊल टाकता येत नाही. चाळीस माणसं दोन कूलरसमोर, पोरं रडतायत, पुरुष पत्ते कुटतायत, बायांना तेवढंही नाही. तो म्हणाला, तुमचा तो टेनिसवाला डब्बा भाड्यानं द्या. मी स्वतःच घेऊन गेलो, कारण वायरी दुसऱ्याच्या हाती द्यायची माझी तयारी नव्हती. माजघरातला टीव्ही मोकळा केला, वरती सेन्सर बार चिकटवला, सतरंज्या मागे सरकवल्या.

सुरुवातीला नेहमीचंच झालं. बोलिंग लावलं आणि पुरुषांनी रिमोट बळकावला. बाया दारातून बघत होत्या. मग कोणीतरी चेहरे बनवायचं काढलं. वीमध्ये आपापला चेहरा बनवता येतो, 'मी' म्हणतात त्याला. नाक, मिशी, चष्मा निवडायचा. नवरीच्या मामाचा बनवला, मग व्याह्यांचा बनवला, मग व्याहीणबाईंचा. नाक थोडं मोठं, नाही, अजून मोठं. तासभर नुसतं तेच चाललं. गेम सुरूसुद्धा झाला नव्हता आणि अख्खं माजघर टीव्हीसमोर आलं होतं. या तासाला कुठल्या रिव्ह्यूमध्ये गुण मिळतात ते मला दाखवा.

मग मी 'वी प्ले' लावलं, ते ५८ वालं. त्यात नऊ छोटे खेळ आहेत. एक असा की पडद्यावर माणसांची गर्दी येते आणि त्यातले सारख्या चेहऱ्याचे दोघं शोधायचे, किंवा वेगळा वागणारा एक ओळखायचा. नवरीची आजी खुर्चीत बसली होती. काटोलकडची बाई. लग्नात कोण कोणाकडचं, कोणाची सून, कोणाचा नातू, हे चेहऱ्यावरून सांगणारी. तिच्या हातात रिमोट दिला तर पडद्यावरचा हात थरथरायचा, म्हणून ती सांगायची आणि नातू नेम धरून बटण दाबायचा. "तो मागच्या रांगेतला टकल्या पाय, अन् हा इकडचा. एकच माणूस आहे तो." समोर इंजिनिअरिंगची पोरं होती, पार्लरमध्ये तासन् तास बसणारी. आजीनं एकेकाला हरवलं. पोरं चिडली, पुन्हा लावा म्हणाली, पुन्हा हरली.

त्यातच गायीवर बसून बुजगावणी पाडायचा खेळ आहे. रिमोट आडवा धरायचा आणि गाय पळवायची. आजी म्हणाली, "गाईवर कोणी बसते काय रे पोट्ट्या?" आणि मग स्वतःच रिमोट मागून घेतला. तो आडवा दोन हातांत धरता येतो, त्यामुळे तिला जमला. स्वयंपाकघरातून बायका पीठ लागलेल्या हातानं बाहेर आल्या. नवरीचे वडील, ज्यांना सकाळपासून मांडववाल्यावर ओरडण्याशिवाय दुसरं काम नव्हतं, ते दारात उभे राहून हसत होते. संध्याकाळी ऊन उतरलं तरी कोणी उठेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. पुढे लग्नघरांना वी भाड्यानं देणं हा माझा उन्हाळ्याचा धंदाच झाला, आणि पार्लरमध्ये सकाळच्या वेळी आया आपल्या मुलींना घेऊन यायला लागल्या.

भावाचं म्हणणं काय? "लग्नातले लोक कायलेही हसते." आणि दुसरं, जगभर 'वी प्ले'च्या पावणेतीन कोटींच्या वर प्रती गेल्या त्या रिमोटमुळे गेल्या, गेममुळे नाही. दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे. रिमोटसाठीच घेतलं लोकांनी, मीही त्याचसाठी घेतलं. पण रिमोट मिळाल्यावर डिस्क डब्यात ठेवली नाही ना कोणी? माझ्याकडे ती डिस्क रोज फिरायची आणि ९० वाले गेम कपाटात असायचे, हे त्यानं स्वतः बघितलंय. 'वी स्पोर्ट्स' तर आठ कोटींवर गेलं, आणि त्याचा स्कोअर ७६. जपान सोडून बहुतेक ठिकाणी ते कन्सोलसोबतच मिळायचं, हेही मला माहीत आहे, ते सांगायला येऊ नका. फुकट मिळालेलं डबडं लोक आठवडाभर खेळतात आणि विसरतात. हे लोकांनी वर्षानुवर्षं खेळलं.

आता समीक्षक असं का करतात ते. समीक्षकाला गेम बाजारात येण्याआधी मिळतो, तारीख ठरलेली असते, आणि तो एकटा बसून खेळतो. वीस-पंचवीस वर्षं हातात कंट्रोलर असलेला माणूस. तो शोधतो खोली, आव्हान, किती तास पुरतो, कथा. जो खेळ दोन मिनिटांत शिकता येतो तो त्याला दोन मिनिटांत संपलेला वाटतो. आजीला तो दोन मिनिटांत शिकता आला, हाच तर त्याचा गुण. पहिल्या 'जस्ट डान्स'ला ४९ मिळाले, म्हणजे मेटाक्रिटिकवर वाईट गेमचा लाल रंग. खोलीभर पोरी नाचतायत की नाही हे बघायला खोलीत पोरी होत्या कुठे?

माझा भाऊ आता पुण्यात असतो आणि एका वेबसाइटवर गेमचे रिव्ह्यू लिहितो. एका दिवाळीला त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा तो चार जणांचा पार्टी गेम तपासत होता. दोन हातांत दोन कंट्रोलर, बाकीचे दोन खेळाडू कॉम्प्युटरचे. घरात आम्ही आठ माणसं बसलो होतो, त्याची स्वतःची लेक शेजारी उभी होती. मी म्हटलं, अरे आम्हाला दे ना. तर म्हणाला, "मला उद्यापर्यंत लिहून द्यायचंय, तुम्हाला शिकवत बसलो तर होणार नाही." दहापैकी पाच गुण दिले आणि लिहिलं की गेम लवकर कंटाळवाणा होतो. याला मी समीक्षा म्हणत नाही. कॅरम एकट्यानं खेळून कॅरमला नावं ठेवल्यासारखं आहे हे. वेळ नव्हता तर लिहायचं नव्हतं, नाहीतर गेम एकट्यानं खेळलोय हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं.

तो नेहमी मला गाड्यांच्या शर्यतीचा 'मारियो कार्ट ८ डिलक्स' तोंडावर फेकतो. ९२ गुण, मग अन्याय कुठे? २०२४ चा वर्षातला सर्वोत्तम गेम 'अ‍ॅस्ट्रो बॉट' ठरला, लहान मुलांना आवडणाराच. बरोबर. जो फॅमिली गेम तज्ज्ञालाही मजा देतो त्याला ते डोक्यावर घेतात. पण म्हणजे मोजमाप पुन्हा तज्ज्ञाच्याच मजेचं झालं. 'मारियो कार्ट'मध्ये गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देणारं स्मार्ट स्टिअरिंग आहे, आपोआप वेग घेणारी सोय आहे. चार वर्षांचं मूल त्यामुळे शर्यत पूर्ण करतं. तुमच्यासाठी अख्ख्या रिव्ह्यूत सगळ्यात कामाची गोष्ट तीच, आणि ती शेवटी एका ओळीत येते.

गुण जास्त मिळाले म्हणजे कुटुंबाला न्याय मिळाला, असंही नाही. 'इट टेक्स टू' घ्या. २०२१ च्या गेम अवॉर्ड्समध्ये तो वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला आणि फॅमिली गेमचाही पुरस्कार त्यालाच. सुंदर गेम आहे, मी पुतणीसोबत पूर्ण खेळलोय. पण कथा घटस्फोटाला निघालेल्या आईबापांची, त्यात एका खेळण्यातल्या हत्तिणीचा प्रसंग असा की लहान मूल रडेल, आणि युरोपात त्याला बारा वर्षांवरचं रेटिंग आहे. कंट्रोलरवरच्या एका काठीनं चालायचं आणि दुसऱ्या काठीनं कॅमेरा फिरवायचा, हे ज्यानं आयुष्यात केलं नाही त्याला पहिला दरवाजाही सापडत नाही. तुमच्या आईच्या हातात तो देऊन बघा.

किंवा २०२० मधला 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स', बेटावर आपली वस्ती वसवायचा गेम. समीक्षकांचे ९० गुण. लोकांनी घरी नेला आणि कळलं की एका कन्सोलवर एकच बेट. पहिला खेळणारा त्या बेटाचा कारभारी, पुढची वाट त्याच्यानंच उघडायची. दुसऱ्या भावंडानं त्याच्याच बेटावर राहायचं. ज्या घरात दोन लेकरं आणि एक स्विच, तिथे रोजची भांडणं. मेटाक्रिटिकवर लोकांच्या संतापाचा पूर आला. एकट्यानं स्वतःच्या कन्सोलवर खेळणाऱ्या समीक्षकाला ही अडचण जाणवणारच नव्हती. तो गेम खोटा नव्हता, रिव्ह्यू अपुरे होते.

आणि फोनवरचे गेम तर त्यांच्या खिजगणतीतही नाहीत. 'लुडो किंग' नवी मुंबईत बनला, २०१६ मध्ये आला, लॉकडाऊनमध्ये आमच्या वस्तीत घराघरात तोच चालू होता. त्याचा नीट रिव्ह्यू कोणी केलेला मला सापडला नाही.

हे सगळं लिहिलं तरी एक बाजू राहते, ती सांगतो. फॅमिली गेमच्या नावाखाली कचराही भरपूर येतो. वीच्या काळात तर ढीग होते. घाईत बनवलेले, रिमोट हलवला एकीकडे तर पडद्यावर भलतीकडे. त्यांना ३० मिळाले ते बरोबरच. फोनवर जिथे पाच डाव हरलात की पैसे मागतात, तिथे समीक्षकांनी आणखी कडक व्हायला हवं. आणि '१-२-स्विच'वरची एक टीका मलाही पटते: तो कन्सोलसोबत द्यायला हवा होता, वेगळ्या पूर्ण किमतीला विकण्याइतका त्यात माल नाही. २८ छोटे खेळ आहेत, त्यातले अर्धे तुम्ही दुसऱ्यांदा लावणार नाही.

पण उरलेले तुमच्या आईवडिलांना जमतील. बऱ्याच खेळांत पडद्याकडे बघायचंच नसतं, समोरच्याच्या डोळ्यात बघायचं असतं. एकात कंट्रोलर हातात हळू फिरवून आत किती गोट्या घरंगळतायत ते नुसत्या कंपनावरून ओळखायचं. नजर कमजोर असलेल्या माणसालाही बरोबरीनं खेळता येतं. नियम व्हिडिओत इंग्रजीतून सांगतात, ते तुम्ही एकदा मराठीत सांगा, पुन्हा लागणार नाहीत. रिव्ह्यू वाचायचाच तर गुण सोडा आणि एवढंच शोधा: एका टीव्हीवर किती जण खेळतात, वाचावं किती लागतं, एक डाव किती वेळाचा, आणि लिहिणाऱ्यानं तो कोणासोबत खेळला. शेवटची गोष्ट लिहिलेली नसेल तर पान बंद करा.

घ्याल तेव्हा डाउनलोड करू नका, कार्ट्रिज घ्या. स्विचच्या कार्ट्रिजला देशाचं बंधन नाही, बाहेरून आलेलं चालतं. सीताबर्डीला जुनं मिळालं तर आणखी चांगलं; दुकानातच लावून बघा, आणि मन भरलं की तिथेच देऊन दुसरं घ्या.