बिनवारशी म्हणून सगळं सरकारजमा होतं का?

तुमचा प्रश्न असा : वडिलांचे सख्खे काका अविवाहित होते, मृत्युपत्र न करता गेले. निफाड तालुक्यात त्यांच्या नावावर जमीन आणि पंचवटीत जुनं घर आहे. गावात म्हणतात, बायको-पोरं नाहीत, आता सगळं सरकारजमा.

घाबरू नका. हिंदू वारसा कायदा, 1956 मध्ये सरकारचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. वर्ग एक (बायको, मुलं, आई वगैरे), वर्ग दोन (वडील, भावंडं, पुतणे-भाचे वगैरे), मग पुरुषांकडून जोडलेले भाऊबंद, मग बायकांकडून जोडलेले कितीही लांबचे नातेवाईक. यातलं एकही माणूस नसेल तरच कलम 29 लागू होतं, आणि तेव्हाही सरकारला मालमत्ता मिळते ती तिच्यावरच्या कर्जासकट. वारस नाहीत हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर असते. हरिद्वारच्या एका आश्रमाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये हे स्पष्ट सांगितलंय.

काकांची भावंडं हयात नसतील तर पुतणे म्हणून तुमचे वडील वर्ग दोनमध्ये येतात. पण त्याच पायरीवर काकांच्या पुतण्या, भाचे आणि भाच्याही आहेत, सारख्याच हिश्शाने. लग्न होऊन गेलेल्या भाच्यांची नावं अर्जातून गाळू नका. हरकत तिथूनच येते आणि मग फेरफार (महसूल दप्तरातली नावबदलाची नोंद) वर्षानुवर्षं अडकतो.

आता सरकार काय करू शकतं ते. जमीन महसूल संहितेच्या कलम 34 नुसार, वारस माहीत नसेल तर जिल्हाधिकारी शेतजमीन ताब्यात घेतात आणि एकेका वर्षाच्या बोलीवर कसायला देऊ शकतात. ताबा घेतल्यापासून 3 वर्षांत दावेदार आला तर चौकशी करून जमीन परत देता येते. अर्ज फेटाळला तर वर्षभरात दिवाणी दावा लावायचा. 3 वर्षांत कुणी फिरकलंच नाही तर विक्री होऊ शकते, आणि नंतर हक्क सिद्ध केलात तरी सारा व खर्च वजा जाऊन फक्त पैसे मिळतात. मला ही तरतूद रास्त वाटते. बेवारस जमिनीवर सरकारच्या आधी भलत्यांचाच डोळा असतो. खासगी मालकाविरुद्ध 12 वर्षांच्या प्रतिकूल कब्जाने (मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे सलग ताबा ठेवून) हक्क सांगता येतो, सरकारविरुद्ध मात्र 30 वर्षं लागतात, तेही याचसाठी. कुणी काकांचं कुलमुखत्यारपत्र दाखवलं तर लक्षात ठेवा, माणूस गेला की ते संपतं.

तुम्ही मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. पोच घ्याच. पंचवटीच्या घरासाठी नगर भूमापन कार्यालयात प्रॉपर्टी कार्डावर नोंद करावी लागेल, महापालिकेच्या घरपट्टीवर नाव चढल्याने मालकी लागत नाही. वाद निघाला तर दिवाणी कोर्टातून वारस दाखला काढा. बँकेतलं विसरू नका : 10 वर्षं न मागितलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसाला ती नंतरही त्याच बँकेतून मिळते. रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर काकांच्या नावाने शोधून बघा.