बाबांच्या हातासाठी एफडी मोडण्याआधी

ताई, बाबांच्या स्ट्रोकला नऊ महिने झालेत, उजवा खांदा उचलतात पण बोटं उघडत नाहीत. नवी मुंबईतल्या एका केंद्राने 'मेंदूच्या लहरींवर चालणारं यंत्र आणि व्हीआर' (म्हणजे संगणकाच्या आभासी जगात खेळत केलेला व्यायाम) असं पॅकेज सांगितलंय, त्यासाठी एफडी मोडावी का, हा तुमचा प्रश्न. मी ठाण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, स्ट्रोकचे पेशंट रोज बघते. माझं मत, इतक्यात मोडू नका.

यंत्रामागचं शास्त्र मात्र खरं आहे. हात हलवायचा नुसता विचार केला तरी मेंदूच्या हालचालीच्या भागावरची 8 ते 13 हर्ट्झची लहर मंदावते. डोक्यावरची ईईजीची, म्हणजे मेंदूच्या लहरी मोजणारी, टोपी ते टिपते आणि त्याच क्षणी हाताला विजेचं हलकं स्टिम्युलेशन मिळतं किंवा रोबोटिक ग्लोव्ह बोटं उघडतो. माणसाने ठरवलं आणि हात उघडला, या दोन गोष्टी मेंदूला एकदम कळतात. सगळी गंमत या वेळ जुळण्यात आहे. 2018 साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी जुना स्ट्रोक असलेल्या 27 पेशंटवर हेच तपासलं. एका गटाला इच्छेशी जुळलेलं स्टिम्युलेशन दिलं, दुसऱ्याला न जुळलेलं. जुळलेल्या गटाचा हात जास्त सुधारला आणि ती सुधारणा पुढेही टिकली. पण पेशंट होते फक्त 27. अमेरिकेत 2021 मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, असं एक यंत्र मंजूर केलं, तेही स्ट्रोकला किमान सहा महिने झालेल्यांसाठी. म्हणजे नऊ महिने झाले, आता काही होणार नाही, असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

म्हणून केंद्रात आधी हे विचारा: बाबांनी प्रयत्न केल्यावरच हात उघडतो, की यंत्र आपलं आपण चालू राहतं? दुसऱ्या प्रकाराला ब्रेन-कंट्रोल म्हणून पैसे घेणं मला पटत नाही. पेसमेकर असेल किंवा कधी फिट आली असेल तर तेही आधी सांगा.

व्हीआरचं थोडक्यात सांगते. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या 2017 च्या आढाव्यात 72 अभ्यास होते. नेहमीच्या थेरपीऐवजी व्हीआर दिलं तर हाताला वेगळा फायदा दिसला नाही. थेरपीच्या जोडीला देऊन सरावाचा वेळ वाढवला तेव्हा दिसला. कंटाळलेला पेशंट खेळाच्या नादात हात जास्त वेळा उचलतो, हे मी स्वतः बघते. पण त्यासाठी घरचा व्यायाम बंद होणार असेल तर नको. चक्कर येत असेल तर बसवूनच करा.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात नसते. कळव्याहून रिक्षाने ठाणे स्टेशन, जिने, मग नवी मुंबईची ट्रान्स-हार्बर लोकल. बाबा तिथे पोचेपर्यंत थकलेले असतील. थकलेल्या मेंदूला यंत्राकडे लक्ष देणं जमत नाही आणि सेशनचे पैसे वाया जातात. सकाळची, गर्दी नसलेली वेळ मिळत नसेल तर जवळच्या फिजिओकडे नियमित जाणं जास्त उपयोगी.

त्याआधी एकदा हाजी अलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये, हाताची तपासणी करून घ्या. मनगट आणि बोटं थोडी जरी वर येत असतील तर कन्स्ट्रेंट थेरपीबद्दल विचारा. चांगल्या हाताला मिट, म्हणजे बोटं वापरता येऊ नयेत असा जाड हातमोजा, घालून अधू हाताकडून कामं करून घ्यायची, अशी ती पद्धत. 2006 च्या एक्साइट चाचणीत स्ट्रोकनंतर तीन ते नऊ महिने झालेल्या 222 पेशंटमध्ये तिचा स्पष्ट फायदा दिसला. देखरेख लागते, महागडं यंत्र लागत नाही. बोटं अजिबातच हलत नसतील, तर मात्र तुम्हाला सांगितलेल्या यंत्राचा विचार करण्यात अर्थ आहे. तेव्हाही पूर्ण पॅकेज घेऊ नका, मोजकी सेशन्स घ्या आणि आधी-नंतर हाताचा स्कोअर लेखी मागा.

उठवताना त्यांना उजव्या हाताला धरून ओढू नका, खांदा दुखावतो. आणि हात टेबलाच्या कडेवर ठेवून मनगट वर उचलायला सांगा. जरा तरी हलतं का ते इथे कळवा, मग पुढचं नेमकं सांगते.