गाडीवरचा ओरखडा मनातून जात नाही

‘हौसेने गाडी घेतली, तिला एक ओरखडा पडला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरे काही येत नाही, एवढ्याशा गोष्टीचा इतका त्रास होणे बरोबर आहे का?’ मी समुपदेशक आहे, पण हा प्रश्न लोक माझ्याकडे सहसा थेट विचारत नाहीत. ते झोपेची किंवा चिडचिडीची तक्रार घेऊन येतात आणि गाडीचा विषय बोलण्याच्या ओघात, थोडे ओशाळून काढतात. वास्तविक यात ओशाळण्यासारखे काही नाही.

बेळगावच्या उद्यमबागेत एका मशिन शॉपमध्ये तपासणीचे काम करणारे गृहस्थ असेच पत्नीच्या आग्रहावरून आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय चाळिशीचे, मूळ गाव खानापूर तालुक्यातले, राहायला वडगावात. कित्येक वर्षे पैसे बाजूला टाकून त्यांनी रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० घेतली होती. दारात लावलेल्या त्या गाडीला मुलाच्या दप्तराची चेन घासली आणि टाकीच्या डाव्या अंगाला, गुडघा टेकतो त्याच्या जरा वर, बोटभर लांबीची रेघ उठली. त्या दिवशी त्यांनी मुलावर हात उचलला. पत्नीने त्यानंतर गाडीवर मागे बसायचेच सोडले, कारण आपल्या बांगड्या किंवा पदराची पिन कुठे लागेल या धास्तीने तिला वाटभर अवघडून बसावे लागत होते.

मुलाचा विषय मी सर्वांत आधी घेतला. त्याच्याशी बोलून झालेल्या प्रकाराबद्दल माफी मागितल्याशिवाय पुढचे काही करण्यात अर्थ नाही, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले, आणि त्यांनी ते त्याच आठवड्यात केले.

रात्री जेवण झाले की हे गृहस्थ मोबाइलची बॅटरी टाकीवर तिरकी धरून रेघा शोधत बसत. अशा प्रकाशात वापरातल्या जवळपास कोणत्याही गाडीच्या रंगावर बारीक वर्तुळाकार रेघा दिसतात. रंगावर जो पारदर्शक थर असतो त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि आपल्याकडची लाल धूळ कोरड्या फडक्याने पुसली तरी त्या थरावर रेघा उठतात. धूळ बसलेल्या टाकीवर कव्हर घातले आणि ते वाऱ्याने हलत राहिले, तरी तेच होते. कंपाउंड, म्हणजे रंग घासून गुळगुळीत करणारी पेस्ट, लावून पॉलिश केले की रेघा जातात, पण प्रत्येक वेळी तो थरही किंचित घासला जातो. म्हणजे दिवसातून दोनदा पुसून, कव्हर घालून आणि वरचेवर पॉलिश करून ते ज्या रेघा टाळू पाहत होते त्यांत भरच घालत होते. रोज मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, हाताळणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही. तरीही त्याने मन शांत झाले नाही.

कंपनीत जॉब, म्हणजे मशिनवर तयार झालेला सुटा भाग, तपासताना काय पाहता, असे मी त्यांना विचारले. ‘माप टॉलरन्समध्ये आहे काय, कुठे तडा आहे काय, ब्लोहोल आहे काय,’ ते म्हणाले. (टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक, ब्लोहोल म्हणजे ओतकामात राहिलेले पोकळ छिद्र.) आणि बाहेरून नुसता घासल्याचा डाग असला तर? ‘तो पास, मॅडम. त्यानं काम अडत नाही.’ मग जरा थांबून तेच म्हणाले, ‘पण ते जॉब कंपनीचे. गाडी माझी हाय की.’

‘एवढंसं तर आहे, सोडून द्या,’ असे घरचे आणि मित्र त्यांना महिनोन्‌महिने सांगत होते, आणि त्याचा उपयोग का झाला नाही ते मला या उत्तरात दिसले. त्यांचे वडील गावाहून सायकलने कामावर येत. ही गाडी पहिल्यांदा गावात नेली तेव्हा भावकीतली माणसे तिच्याभोवती जमली होती, आणि खंडेनवमीला झेंडूचा हार घालून पूजा करताना वडिलांनी टाकीवरून हात फिरवला होता. रेघ उठली तेव्हा त्या दिवसालाच कुणी धक्का लावल्यासारखे त्यांना वाटले. असे दुःख ओरखड्याची लांबी मोजून लहान ठरवता येत नाही, आणि तसे ठरवण्याचा प्रयत्न समुपदेशकानेही करू नये, असे माझे मत आहे.

‘आधी मन स्वस्थ होऊ दे, मग गाडी पहिल्यासारखी बाहेर काढतो,’ असे ते म्हणत. माझ्या अनुभवात हा क्रम बहुधा उलटा असतो. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मंत्रचळाच्या (तोच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या, म्हणजे ओसीडीच्या) रुग्णांवरील उपचारांविषयी लिहिले, त्यातले मूळ तत्त्व असे होते की ज्याची धास्ती वाटते त्याला सामोरे जायचे आणि धास्ती घालवण्यासाठी जी कृती करण्याची ओढ लागते ती करायची नाही. या गृहस्थांना मंत्रचळ नव्हता, परंतु बॅटरी घेऊन तपासण्याची ओढ त्याच जातीची होती. तपासले की घटकाभर बरे वाटे आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तपासावे लागे.

त्यामुळे बॅटरी बंद करायचे ठरले. गाडी फक्त रविवारी, आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ देऊन, मगच पुसायची. तपासायचेच असेल तर चेनचा ताण, ब्रेक, टायरची झीज आणि स्पोक तपासायचे; सायलेन्सरच्या बेंड पाइपवर उष्णतेने येणारी निळसर झाक किंवा फूटरेस्टजवळचा घासलेला रंग या यादीत घ्यायचा नाही. टाकीवरच्या रेघेत नख अडकत नव्हते, म्हणजे ती वरवरची होती, म्हणून ती तशीच ठेवली. मागच्या मडगार्डवर मात्र एके ठिकाणी रंग उडून पत्रा उघडा पडला होता, आणि बेळगावच्या पावसात तिथे गंज धरणारच, म्हणून तेथे जूनच्या आधी टचअप करून घेतले.

यानंतर गर्दीच्या वेळी गणपत गल्लीत गाडी लावून बाजार करायचा आणि परत आल्यावर न निरखता सरळ किक मारून निघायचे, असे ठरले. पहिल्या खेपेस ते अर्धी यादी विसरून आले आणि तळहाताला घाम सुटला होता, असे पत्नीने सांगितले. हे अपेक्षितच होते. काही आठवडे तोच फेरा पुन्हा पुन्हा केल्यावर धास्ती ओसरू लागली. मग पत्नी बांगड्यांसकट मागे बसली, आणि पावसाळ्यात दोघे जांबोटीमार्गे कणकुंबीपर्यंत, चिखल उडवत जाऊन आली.

पुढे बाजारात गाडीला आणखी एक रेघ पडली. ती संध्याकाळ त्यांनी कुणाशी न बोलता काढली आणि सकाळी त्याच गाडीवरून कामावर गेले. त्यांना वाईट वाटायचे थांबले नाही, आणि ते थांबवणे हे आमचे उद्दिष्टही नव्हते.

तपासण्यात रोज तासन्‌तास जात असतील, झोप किंवा काम बिघडत असेल, घरात हात उचलला जात असेल, तर अशा घरगुती उपायांवर विसंबू नये. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, आपल्या भागाला धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था जवळ आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.