अजून ‘अ’ काढत नाही

जून उजाडला की सांगलीत माझ्या विश्रामबागच्या समुपदेशनाच्या खोलीत एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतं. “मॅडम, चार वर्षांचा झाला, अजून ‘अ’ काढत नाही.” या आठवड्यात तीन पालक हेच घेऊन आले, म्हणून सोनूची गोष्ट सांगते. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही.

सोनूची आई आली ती मोबाइलमध्ये तक्ते साठवूनच. कितव्या महिन्यात काय यायला हवं, पुढे बरोबरची खूण नाहीतर फुली. जावेची मुलगी सोनूहून चार महिन्यांनी लहान, पण वहीभर लिहिते. सोनू पेन्सिल मुठीत धरतो, दोन रेघा ओढतो आणि पोट दुखतंय म्हणून आडवा होतो. वर्षभर कोरडा राहिलेला हा मुलगा महिन्यापासून पुन्हा अंथरूण ओलं करत होता. हे तिनं अगदी उठता उठता सांगितलं. आधी बालरोगतज्ज्ञांकडं पाठवलं. लघवीची तपासणी व्यवस्थित आली.

दुसऱ्या वेळी मी विचारलं, “एका पायावर उड्या मारतो?”

“हो.”

“परक्या माणसाला त्याचं बोलणं कळतं?”

“भाजीवाल्याशी भांडतो तो!”

“मग याला तक्त्यात खूण का नाही केली?”

“ते काय, सगळ्यांनाच येतं.”

तिसऱ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. “जाऊबाई पोरीची वही दाखवायला आणतात ना, तेव्हा आई माझ्याकडं बघतात.” आई म्हणजे सासूबाई. मी म्हटलं, “म्हणजे वही सोनूची, पण परीक्षा तुमची.” ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. इतक्या वर्षांत मी एक शिकलेय, मूल मागे पडलंय असं सांगत आलेल्या आईला आधी विचारायचं, घरात तुमच्याकडं कोण बघतंय?

पुढच्या वेळी सासूबाईंनाही बोलावलं. माहेर तासगावकडचं, बोलणं रोखठोक. सुनेनं धीर करून मनातलं सांगितल्यावर त्या चकितच झाल्या. “तुझ्याकडं कशाला बघू गं मी? वही निघाली की पोराचं तोंड उतरतंय, ते तुला दिसतंय का म्हणून बघते. माझ्यासंगं बेदाणं निवडायला तासभर बसतंय की ते.”

बेदाण्यांची पिशवी त्यांच्याजवळ होतीच. ताटात मूठभर ओतले. सोनू खाली बसला. अंगठा आणि पहिलं बोट, मधे एक बेदाणा. देठाची बारीक काडी दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून हलकेच ओढायची, काडी एका बाजूला, बेदाणा दुसऱ्या. एकही चिरडला नाही. मी काही न बोलता खडूचा पेरभर तुकडा त्याच्यापुढं ठेवला. आखूड तुकडा मुठीत धरता येत नाही, बोटांतच धरावा लागतो. त्यानं फरशीवर गोल काढला, “हे ताट.” त्यात आडवी रेघ आणि तिला छेदणारी उभी, “ह्या काड्या.”

आई वाकून बघत होती. हळूच म्हणाली, “हे मी कधी बघितलंच नाही.”

चार वर्षांच्या हाताकडून एवढंच अपेक्षित असतं. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गोल, चौथ्याच्या आसपास अधिकची खूण, पाचव्याकडं चौकोन. तेही थोडं पुढंमागं चालतं. ‘अ’मध्ये वळणं, आडवी दांडी, उभी दांडी, वर शिरोरेघ, सगळं एकदम येतं. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ आणि लवचीक असतात आणि चौथ्या वर्षी साधारण निम्मीच टणक झालेली असतात. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हाही परिसरातल्या साध्या वस्तूंवरच भर दिला. मी त्याच वाटेची. आधी हात, मग पेन्सिल. कणीक मळू द्या, शेंगा सोलू द्या, शर्टाची बटणं त्यांची त्यांना लावू द्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही पहिलीचं वय सहा पूर्ण असंच आहे. मग चौथ्या वर्षी कसली घाई?

“जेवत नाही” ही याच काळजीची धाकटी बहीण. दोन ते पाच या वयात वजन वर्षाला साधारण दोन किलो आणि उंची सहा-सात सेंटिमीटर वाढते. पहिल्या वर्षाइतका वेग नसतो, म्हणून भूकही कमी होते. ताटाकडं बघून ठरवू नका, दर तीन-चार महिन्यांनी वजन-उंची वाढीच्या तक्त्यावर नोंदवा आणि रेघ वर चाललीय का बघा.

पण सगळंच “होईल आपोआप” म्हणून सोडू नका. तीन वर्षांचं मूल दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, इतर मुलांत रमत नसेल, सारखं अडखळून पडत असेल, तर वाट बघू नका. आणि आधी येत असलेली गोष्ट, बोलणं किंवा चालणं, जायला लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. बोलणं उशिरा येत असेल तर आधी कान तपासा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

सोनूच्या घरी दोन महिने वही कपाटात राहिली. पाचव्या आठवड्यापासून अंथरूण कोरडं. शेवटच्या भेटीला तो स्वतः बटणं लावून आला होता, एक घर चुकलेलं, शर्टाचं एक टोक खाली लोंबत होतं. आईचा हात दोनदा तिकडं गेला आणि दोनदा मागं आला.