शाळेच्या अर्जात दत्तक लिहायचं का?

प्रवेशाचा हंगाम जवळ आला की दत्तक मुलांच्या पालकांची पत्रं वाढतात. या वेळची चार.

प्रश्न : मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही संस्थेतून दत्तक घेतली. आता पहिलीत घालायचंय. शाळेचे क्लार्क दत्तक आदेशाची झेरॉक्स मागतात. द्यावी का?
– एक पालक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : देऊ नका. दत्तक आदेशानंतर मिळालेल्या नव्या जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून तुमचीच नावं आहेत. प्रवेशाला तो दाखला पुरतो. आदेश एकदा फाइलला लागला की तो कोण कोण वाचणार, यावर तुमचा ताबा राहत नाही. वर्गशिक्षिकेला तोंडी सांगणं वेगळं, ते जरूर सांगा. अर्जात घरातल्या आजारांचा रकाना असेल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच लिहा. स्वतःच्या घरचा मधुमेह तिच्या नावावर लिहू नका.

खरी अडचण आधारची येते. संस्थेत असताना आधार काढलं असेल, तर त्यावर जुनं नाव आणि संस्थेचा पत्ता असतो. दाखल्यावर एक नाव नि आधारवर दुसरं, असं झालं की यू-डायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत मेळ बसत नाही आणि पुढे ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांकही अडतो. म्हणून आधी जन्मदाखला, त्यावरून आधार दुरुस्ती, मग शाळा. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे द्यायचेच असतात. दोन्ही कामं एकाच फेरीत उरका.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या कायम नोंदवहीत, नाव चढताना समोर बसून मराठी आणि इंग्रजी, दोन्ही तपासा. नंतर काना-मात्रेच्या चुकीसाठीही शिक्षण खात्याकडे हेलपाटे पडतात. रजिस्टर किती टिकतं हे सातारकरांना सांगायला नको. प्रतापसिंह हायस्कूलमध्ये बाबासाहेबांच्या ७ नोव्हेंबर १९०० च्या प्रवेशाची नोंद अजून जपलेली आहे.

आणखी एक. सोडून दिलेल्या बाळाची जन्मतारीख पुष्कळदा वैद्यकीय तपासणीवरून अंदाजाने ठरवलेली असते. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल चालतं, पण नियमात बसते म्हणून घाई नको. संस्थेत राहिलेल्या काही मुलांचं बोलणं मागे असतं. तसं असेल तर मोठ्या गटात आणखी एक वर्ष काढलेलं बरं.

प्रश्न : आम्ही दोघी जोडीदार आहोत. मुलगा माझ्या जोडीदारीणीने एकटीच्या नावावर दत्तक घेतलाय. फॉर्मात वडिलांचं नाव सक्तीचं आहे, आणि मला त्याला शाळेतून आणू देत नाहीत.
– कराड

उत्तर : एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कोणालाही दत्तक घेऊ शकते. समलिंगी जोडप्याला मात्र एकत्र दत्तक घेता येत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते ३ विरुद्ध २ मतांनी नाकारलं. आम्हाला ते पटत नसलं तरी आज कायद्यापुढे मुलाची आई एकच आहे आणि कागद तसेच करावे लागतील.

वडिलांच्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहा. संगणक पुढे जाऊ देत नसेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आजोबांचं किंवा मामाचं नाव घालून वेळ मारून नेऊ नका, ते दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत चिकटतं.

तुमच्यासाठी आईच्या सहीचं अधिकारपत्र लागेल. त्यात तुमचं नाव, मोबाइल, फोटो, ओळखपत्राची प्रत असावी, आणि कामं एकेक करून लिहावीत : मुलाला नेणं, पालकसभेला बसणं, प्रगतिपुस्तकावर सही करणं, पडला-झडला तर दवाखान्यात नेणं. ‘सर्व बाबतींत’ असं मोघम लिहिलं की गेटवरचा शिपाई अडवतो. साधा कागद चालतो. शाळा अडून बसली तर नोटरी करा. दर जूनला नवं पत्र द्या आणि एक प्रत व्हॅनवाल्या काकांकडे ठेवा. आईच्या पश्चात मुलाचं कोण बघणार, हे मात्र या पत्राने ठरत नाही. त्यासाठी वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्या.

प्रश्न : बाईंनी वंशवृक्ष आणि जन्मल्यापासूनचे फोटो आणायला सांगितलेत. आमच्याकडे पहिल्या चौदा महिन्यांचा एकही फोटो नाही.
– सदरबझार, सातारा

उत्तर : बाईंना दहा मिनिटं भेटा आणि तक्रार न करता पर्याय सुचवा : वंशवृक्षाऐवजी ‘आमच्या घरात कोण कोण’ हे चित्र, आणि ‘लहानपणीचा कोणताही एक फोटो’. हे सगळ्या वर्गालाच द्यायला सांगा, एकट्या तुमच्या मुलाला वेगळं काम नको. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची गोष्ट वर्गात होतेच. नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं. त्यांचा यशवंत दत्तक होता, हेही त्याच ओघात सांगता येतं.

मुलाला दत्तक हा शब्द शाळेत जायच्या आधी घरात ऐकून माहीत हवा. ‘तुझी खरी आई कुठाय?’ असं कोणी विचारलंच तर त्याच्या तोंडी दोन वाक्यं बसवा : ‘हीच माझी आई. बाकीचं आमच्या घरचं आहे.’ दुसरं वाक्य जास्त उपयोगी पडतं, कारण त्यानंतर उत्तर द्यायला तो बांधील नसतो.

प्रश्न : पहिलीच्या प्रवेशाला पालकांची मुलाखत घेऊन ‘मूल कुठून आणलं?’ असं विचारलं. चालतं का?
– सातारा

उत्तर : नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावता येत नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. तारीख, वेळ, विचारलेले प्रश्न लिहून जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. अर्जात मूल दत्तक असल्याचं लिहायची गरज नाही. मुलाखत घेतली, एवढाच मुद्दा पुरे.