‘नदीला उतार आहे’ : नक्की कोणता उतार?

प्रश्न असा आहे : ‘कृष्णेला पुढे उतार कमी आहे’, ‘कृष्णेला उतार पडला’ आणि ‘गावाखाली कृष्णेला उतार आहे’ या तीन वाक्यांतला ‘उतार’ एकच का?

शब्द एकच, अर्थ तीन. कोणता घ्यायचा ते बहुतेक वेळा सोबतच्या शब्दावरून कळतं. उतार ‘पडतो’ तेव्हा पूर ओसरू लागलेला असतो. तापालाही उतार पडतो तो याच अर्थाने. उतार ‘लागतो’, ‘सापडतो’ तेव्हा ती नदी पायी ओलांडायची जागा. आणि तीव्र, मंद, कमी, जास्त अशी विशेषणं लागली की तो ढाळ, म्हणजे पात्राचा तिरपेपणा. घोटाळा होतो तो नुसत्या ‘आहे-नाही’ने. ‘इथे नदीला उतार नाही’ म्हणजे पाणी संथ आहे की खोल आहे?

यातला ओलांडण्याचा अर्थ धातूला सर्वांत जवळचा. संस्कृत ‘उत् + तृ’ म्हणजे पार होणे. म्हणून तर जुन्या मराठीत फौजा ‘नर्मदा उतरून’ जात. पाणी कमी झालं की नदी ‘पायउतार’ होई. आता पायउतार होतात ते मंत्री.

ढाळ कमी झाला म्हणजे ओलांडायला उतार मिळेलच असं मात्र नाही. महाबळेश्वर सुमारे १,३०० मीटर उंचीवर, वाई ७०० च्या आसपास. म्हणजे तीसेक किलोमीटरांत कृष्णा ६०० मीटर खाली येते. वाईपासून सांगलीपर्यंत (उंची सुमारे ५५० मीटर) मात्र किलोमीटरला जेमतेम एक मीटर. इथे नदी वळणं घेते. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी खरवडतं, तिथे डोह होतो. आतल्या काठाला वाळू साठते. दोन वळणांच्या मधे, धार एका काठाकडून दुसऱ्याकडे सरकते तिथे पात्र रुंद आणि उथळ होतं. उतार शोधायचा तो तिथे, आणि बऱ्याचदा तिरका चालून. तळाला गोटे किंवा जाड वाळू हवी. नुसता गाळ असेल तर पाणी गुडघाभर असूनही पाय रुततो, आणि त्याला कोणी उतार म्हणत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळ्यानंतर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की मागे पाणी तुंबतं आणि असे उतार बुडतात. शब्द मागे पडण्याचं एक कारण हेही असावं. दुसरं अर्थात पूल.

पुराच्या उताराचा मात्र ढाळाशी थेट संबंध आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. शहराच्या खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते. दोन्ही नद्या एकदम भरल्या की ढाळ नसल्यामुळे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगवटा येतो. पाऊस थांबला तरी उतार पडायला दिवस लागतात.

तेव्हा भूगोलाच्या मजकुरात ‘पात्राचा उतार’ किंवा सरळ ‘ढाळ’ लिहावं, ओलांडायच्या जागेला ‘पायउतार’, आणि पुराला ‘उतार पडला’ आहेच. सामान्यरूपही सांभाळा : ‘उताराने नदी ओलांडली’ हे बरोबर. ‘उताऱ्याने’ लिहिलंत तर ते सातबाऱ्याच्या कागदाचं रूप होतं.