मूत्रपिंडाचा आजार : रक्तातून की धुरातून?

प्रश्न : माझ्या वडिलांचे डायलिसिस सुरू आहे आणि काकांनाही मूत्रपिंडाचा विकार होता. आम्ही जालन्यात औद्योगिक वसाहतीजवळ राहतो. हा आजार आनुवंशिक मानावा की प्रदूषणामुळे झालेला?
– एक वाचक, जालना

उत्तर : 'की' हा शब्द येथे फसवा आहे. बहुपुटी मूत्रपिंडविकाराच्या (मूत्रपिंडांत द्रवाने भरलेल्या अनेक गाठी होणाऱ्या आजाराच्या) नेहमीच्या प्रकारात एकच सदोष जनुक पुरेसे असते आणि बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता 50 टक्के असते. म्हणून वडिलांचे नेमके निदान काय, हे आधी विचारून घ्यावे. परंतु बहुतेक रुग्णांत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, आणि अशा शरीरावर मधुमेह, रक्तदाब व दूषित हवा यांचा भार पडतो. या हवेतील पीएम 2.5 म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण. ते फुप्फुसांत खोलवर जाऊन दाह निर्माण करतात, आणि हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मिळणाऱ्या मूत्रपिंडांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना त्या दाहाची झळ पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम सुचवली. भारतीय मानक 40 आहे. एकट्या रुग्णाच्या बाबतीत मात्र धुराचा वाटा मोजून सांगता येत नाही.

आपण स्वतः दरवर्षी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ), लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि रक्तदाब तपासून घ्यावा. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पाणी कमी पिणे आणि अंगदुखीसाठी मनाने वेदनाशामक गोळ्या घेणे, या दोन सवयी मला धुराइतक्याच चिंताजनक वाटतात.